देवळात जाताना काय नेसू?

 

आपण या कार्यक्रमात कधी गटाच्या हिशोबाबद्दल बोलतो, कधी शेळ्यांच्या लसीबद्दल. आज मी कपड्यांबद्दल बोलणार आहे. रविवारी उपासनेला जाताना बाईनं काय नेसावं, काय घालावं? आमच्या आजीच्या तोंडी चर्चला ‘देऊळ’च होतं, म्हणून मीही देऊळच म्हणते. तुम्ही म्हणाल, ताई, हा काय बोलायचा विषय झाला? मलाही तसंच वाटायचं. पण गटाच्या एका बैठकीत हा विषय माझ्यापुढं कर्जाच्या अर्जातून आला.

आमच्या गटात एक आक्का आहेत. नवरा वारलेला, दोन मुलं, दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी करतात. नोव्हेंबरच्या बैठकीत त्यांनी कर्ज मागितलं. कारण विचारलं तर खाली मान घालून म्हणाल्या, “नाताळच्या साडीसाठी.” झालं होतं असं, की देवळातल्या महिला मंडळानं नाताळात गाणी म्हणायला सगळ्यांनी एकसारखी साडी नेसायची ठरवलं होतं. साडी ८५० रुपयांची. वर ब्लाउजची शिलाई २५०, फॉल-पिको ८०, मॅचिंग परकर १७०. आम्ही तिथंच वहीत मांडलं. १३५० रुपये झाले. आक्कांची हजेरी ३०० रुपये. म्हणजे साडेचार दिवस उन्हात वाकून काम करायचं, ते एका साडीसाठी. आमच्या गटाचं व्याज महिन्याला दोन टक्के. पाच हप्त्यांत फेडलं तर ८१ रुपये व्याज. व्याज फार नाही. पण मुलाची परीक्षा फी भरायची राहिली होती आणि तिच्यासाठी त्या कर्ज मागत नव्हत्या.

मी विचारलं, “आक्का, साडी नाही घेतली तर?” त्या म्हणाल्या, “तर मी गाण्यात उभी राहणार नाही. आणि गाण्यात नाही तर त्या दिवशी देवळात तरी कशाला जाऊ? सगळ्या विचारतील.” नंतर कळलं, आणखी एक बाई याच कारणानं गाण्याच्या तालमीला यायची थांबली होती. ही साडी ठरवणाऱ्या मंडळात मीसुद्धा होते. रंग पसंत करताना मी हात वर केला होता. कुणाला परवडेल, कुणाला नाही, हे विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि मी म्हणे बचत गटाची समन्वयक!

बायबलमध्ये याकोबाचं पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात हाच प्रसंग आहे. सभेत भारी कपड्यांतला, अंगठीवाला माणूस आला तर त्याला चांगली जागा देता, आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला उभं ठेवता किंवा खाली बसवता, हे चुकीचं आहे, असं त्यात सांगितलंय. आम्ही हा अध्याय कितीदा वाचलाय. पण आमच्या मॅचिंग साडीला तो लागू होतो, हे आक्कांच्या अर्जानं दाखवलं.

तर पहिली गोष्ट ही. देवळात जायचा कपडा असा हवा, की तो नाही म्हणून कुणी घरी बसू नये. धुतलेला, नीटनेटका, अंग झाकणारा कपडा पुरेसा आहे. केडगावच्या मुक्ती मिशनच्या पंडिता रमाबाईंचे फोटो पाहा. १८५८ साली जन्मलेली ही बाई, एवढी विद्वान, संस्कृत पंडिता, आणि अंगावर साधी पांढरी साडी. त्या साडीमुळं त्यांचा मान काही कमी झाला नाही.

आता दुसरी गोष्ट, सोय. आपल्याकडं उपासना दीड-दोन तास चालते. बऱ्याच गावांत सतरंजीवर बसायचं असतं. उठायचं, बसायचं, गुडघे टेकायचे, गाताना हात वर करायचे, मांडीवर लेकरू. म्हणून नवा कपडा घेताना किंवा शिवून आणल्यावर घरीच पाच गोष्टी करून बघा. एक, मांडी घालून बसा. दोन, हाताचा आधार न घेता उठा. पायात साडी अडकते का बघा. तीन, पुढं वाका. गळा किती उघडा पडतो ते आरशात बघा. चार, दोन्ही हात वर करा. ब्लाउज वर सरकतो का, बगलेत ताणतो का बघा. पाच, लेकराला उचलून घ्या. या पाचांत कपडा जागेवर राहिला, तर देवळात तुमचं लक्ष पदराकडं जाणार नाही. पदर सारखा सावरावा लागला तर प्रवचन कुठं गेलं ते कळतच नाही.

कापडाचं म्हणाल, तर उन्हाळ्यात सुती किंवा सुती मिसळलेलं बरं. पत्र्याच्या छताखाली मे महिन्यात नायलॉनची साडी म्हणजे भट्टीच. सुती साडी फुगते, चापूनचोपून बसत नाही, अशी तक्रार असते. तिला हलकी खळ द्या, निऱ्या आधी घडी घालून चिमट्यानं धरून ठेवा, बसते. नवी सुती साडी पहिल्यांदा वेगळी भिजवा, रंग जातो. ब्लाउज शिवताना आत दीड-दोन बोटं जादा कापड ठेवायला सांगा, म्हणजे अंग भरलं तरी उसवून सैल करता येतो. अंगावर पाजणाऱ्या बाईनं पुढं हुक असलेलाच ब्लाउज घालावा आणि एक मोठी सुती ओढणी जवळ ठेवावी. लेकरू रडलं म्हणून तिला बाहेर चपलांजवळ जाऊन बसायची वेळ येऊ नये. मागच्या भिंतीला टेकून बसायची जागा अशा आयांसाठी मोकळी ठेवा.

आता परकराच्या नाडीबद्दल. हे जरा कान देऊन ऐका. आपण साडी सुटू नये म्हणून नाडी कचकचून आवळतो, रोज त्याच जागी. कंबरेवर काळा वळ येतो, खाज येते, कातडी सोलते. आपण म्हणतो, चालायचंच. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी दोन म्हाताऱ्या बायकांची माहिती प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षं कंबरेला घट्ट बांधल्यानं जखम झाली, ती भरलीच नाही आणि तिथं कर्करोग झाला. असं क्वचित होतं, घाबरू नका. पण काळजी घ्या. नाडी सैल बांधा, रुंद पट्टीचा परकर शिवा, कधी वर, कधी खाली बांधा. घरी असताना सैल कपडा घाला. आणि कंबरेवरची जखम महिनाभरात भरली नाही तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. आमच्या नऊवारी नेसणाऱ्या आज्यांनाही हे सांगा.

तिसरी गोष्ट मर्यादेची. इथं मला माझी दुसरी चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी एक कॉलेजची मुलगी कुडता-सलवार घालून आली, ओढणी नव्हती. मी दारातच, चार बायकांपुढं म्हटलं, “ओढणी कुठंय गं?” ती काही बोलली नाही. पुढचे तीन महिने ती आलीच नाही. शेवटी मी तिच्या घरी गेले. तिची आई म्हणाली, “ताई, तिच्याकडं बाहेर जायचे दोनच ड्रेस आहेत. ओढणीवाला ओला होता. तुम्ही गटात आम्हाला बोलायला शिकवता आणि देवळाच्या दारात पोरीची मान खाली घालता.” मला उत्तर देता आलं नाही. मी माफी मागितली. पुनरुत्थानाच्या सणाला ती आली, मागं बसली. आता येते, पण माझ्याशी पहिल्यासारखी बोलत नाही. ते मी मान्य केलंय.

तेव्हापासून मी मर्यादेचा विचार असा करते. खांदे झाकलेले, गळा बेताचा, कापड पारदर्शक नाही, बसल्यावर गुडघे झाकलेले, आणि फार आवळ नाही. साडी असो, सलवार-कुडता असो, लांब स्कर्ट असो, यात सगळं बसतं. नोकरीवरून थेट येणाऱ्या मुलीला “साडीच का नाही?” म्हणू नका. डोक्यावर पदर घ्यायचा की नाही, हे मंडळीमंडळीनुसार वेगळं आहे. काही ठिकाणी सगळ्या घेतात, काही ठिकाणी ज्याच्या त्याच्या मनावर असतं. आपल्या मंडळीत घेतात तर घ्यावा. पण विधवा बाईनं रंगीत नेसू नये, असं शास्त्रात कुठं नाही. तिच्या साडीच्या रंगावर बोलू नका. आणि कुणाला काही सांगायचंच असेल तर एकटीला गाठून, हळू आवाजात सांगा. देवळाच्या दारात सांगू नका.

आता सणवारांच्या चार गोष्टी. शुभ शुक्रवारी बऱ्याच बायका पांढरं किंवा फिकं नेसतात. त्यासाठी नवी साडी लागत नाही. पांढरी नसेल तर घरातली साधी चालते. नाताळच्या रात्री थंडी असते, साडीवर शाल घ्या. मेणबत्त्या हातात घेऊन गाताना पदर खोचून ठेवा, केस बांधा. नायलॉन, जॉर्जेट पेटलं तर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून त्या रात्री सुती बरं. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाता, तेव्हा पावसाचे दिवस असतात. चिखलात घोळणारी साडी नको, लवकर वाळणारी नेसा. भारी दागिना घरी ठेवा, गर्दी असते. मोटारसायकलवर मागं बसताना पदर आणि ओढणी कंबरेला गुंडाळा. चाकात ओढणी अडकून गळ्याला फास बसतो. या धोक्याला कृपा करून हलक्यात घेऊ नका.

आमच्या गटात हिंदू, बौद्ध, मुसलमान मैत्रिणी आहेत. त्या लग्नाला, नामकरणाला, मातीला देवळात येतात आणि आधी हळूच विचारतात, “कुंकू लावून आलं तर चालेल का?” बायांनो, चालतं. तुमचं कुंकू, मंगळसूत्र, बुरखा, जे तुमचं आहे ते घेऊन या. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या गळ्यातही मंगळसूत्र असतं, त्यात क्रूस ओवलेला. इतरांनी चपला बाहेर काढल्या असतील तर तुम्हीही काढा. प्रभुभोजनाच्या वेळी मंडळीची माणसं पुढं जातात, तेव्हा आपल्या जागेवर शांत बसा. एवढंच.

आणि आक्कांचं काय झालं? त्या बैठकीनंतर मी आणि दोघी जणी पाळकीणबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, “दुकानदाराला सांगून झालंय.” थोडी बाचाबाची झाली. ज्यांनी पैसे भरले होते, त्यांना वाईट वाटणं साहजिक होतं. शेवटी ठरलं, की साडी घ्यायची सक्ती नाही, घरात जी लाल किंवा पांढरी असेल ती नेसायची. नाताळला काहीजणी नव्या साडीत होत्या, काही जुन्या. आक्का आपल्या लग्नातल्या लाल साडीत उभ्या होत्या, पदराला एके ठिकाणी रफू केलेलं. गाणं त्यांनी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं. कर्ज त्यांनी घेतलं, पण फीसाठी.

यंदा आम्ही तीन गोष्टी सुरू केल्यात. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत, ज्यांना जमेल त्यांनी महिन्याला १०० रुपये सणाची बचत, म्हणजे सणाला ६०० रुपये हातात, कर्ज नाही. देवळाच्या कपाटात चार धुतलेल्या सुती ओढण्या, एक शाल आणि पिनांची डबी. जिला लागेल तिनं न विचारता घ्यायची, धुऊन परत ठेवायची. आणि मंडळात कपड्याचा कुठलाही खर्च ठरवायचा असेल, तर आधी चिठ्ठीवर मत घ्यायचं, नाव न लिहिता. कारण सगळ्यांसमोर “मला परवडत नाही” म्हणायला जीभ उचलत नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा. कपड्यामुळं आपल्यातली कोण, कुठं जायची थांबली आहे? देवळात, लग्नात, शाळेच्या पालकसभेत, कुठंही. नाव नका घेऊ, सगळ्यांपुढं विचारू नका. त्या बाईच्या घरी जा, चहा घ्या, आणि येत्या वेळी तिला सोबत घेऊन जा. तुम्हीही त्या दिवशी साधंच नेसा.

येते मी. पुढच्या महिन्यात भेटू.