जुन्या मोटारसायकलीचा रेग्युलेटर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बर्मिंगहॅम येथील बी. एस. ए. कारखान्यानें ‘एम-२०’ या नांवाच्या सुमारें १,२६,००० मोटारसायकली लष्करासाठीं बांधल्या. पांचशें सी. सी.चें एकच सिलिंडर, सावकाश चाल, आणि वाटेल ती हेळसांड सोसण्याची तयारी, हे या गाडीचे गुण. युद्ध संपल्यावर त्यांतील पुष्कळ गाड्या नागरिकांच्या हातीं गेल्या; भारतांतहि हौशी गृहस्थांनीं कांहीं आजवर जिवंत ठेवल्या आहेत. अशा गाडीच्या धन्याची एक तक्रार ठरलेली असते. दिवसां गाडी उत्तम धांवते. रात्रीं दिवा मात्र मिणमिणतो.

याचें कारण गाडीच्या रचनेंतच आहे. इंजिनाला लागणारी ठिणगी मॅग्नेटो स्वतःच निर्माण करतो आणि दिव्याची वीज त्याच्या पाठीवर पट्ट्यानें बांधलेला डायनामो देतो. त्यामुळें बॅटरी पार मेली तरी इंजिन कुरकुर करीत नाहीं, आणि बिघाड महिनोगणती झांकून राहतो. मग खंडाळ्याच्या घाटांत अंधार पडतो, दिव्याचा उजेड पिवळा होत होत विझतो, समोरून मालमोटार येत असते, आणि त्या क्षणीं धन्याला कळतें कीं बॅटरी केव्हांच रिकामी झाली आहे. दुसऱ्या दिवशीं कारागीर सांगतो, “रेग्युलेटर गेला, नवा बसवा.” हें निदान पुष्कळदां खरें असतें, पण पारखून न घेतां तें मानणें महागांत पडतें.

रेग्युलेटर म्हणजे पाटाच्या दारावरचा पाटकरीच म्हणावा. इंजिन वेगानें फिरलें कीं डायनामोचा दाब वाढत जातो. त्याला आवर घातला नाहीं तर सहा व्होल्टची बॅटरी उकळून कोरडी पडेल आणि बल्ब पटापट जळतील. जुन्या लूकस पेटींत यासाठीं तारेचें एक वेटोळें असतें. दाब सुमारें पावणेआठ व्होल्टपर्यंत चढला म्हणजे त्या वेटोळ्यांतील चुंबक एक पाकळी ओढून घेतो, डायनामोच्या फील्डच्या वाटेंत एक रोध येतो आणि दाब पडतो. दाब पडला कीं पाकळी सुटते. हा खेळ एका सेकंदांत कितीतरी वेळां चालतो. शेजारीं कट-आउट नांवाचें दुसरें वेटोळें असतें. डायनामोचा दाब साडेसहा व्होल्टच्या आसपास आला म्हणजे तें बॅटरीशीं सांधा जोडतें आणि इंजिन मंदावलें कीं तोडतें. हा सांधा चिकटून बसला, तर थांबलेल्या गाडींतहि बॅटरीची वीज उलट डायनामोंत शिरते. इंजिन बंद असतां अँमीटरचा कांटा ऋण बाजूला झुकलेला दिसला, तर दुसरा कोणताहि विचार न करतां बॅटरीची तार प्रथम काढावी.

आतां परीक्षा. ती अर्ध्या तासाचें काम आहे, आणि साधन एकच, व्होल्टमीटर. डायनामोवरील डी आणि एफ या दोन खुंट्यांच्या तारा काढून त्या खुंट्या एका तुकड्यानें एकमेकींस जोडाव्या. व्होल्टमीटरचें एक टोंक तेथें व दुसरें डायनामोच्या अंगाला लावून इंजिन हलकें चालवावें. कांटा झपाट्यानें चढला तर डायनामो निर्दोष आहे. त्याला दहा व्होल्टच्या पुढें जाऊं देऊं नये व इंजिन पळवूं नये. येथें पाटकरी रजेवर आहे हें विसरूं नये! कांटा हललाच नाहीं तर कार्बनचे ब्रश व कॉम्युटेटर पाहावे. रेग्युलेटर बदलून या रोगाला उतार पडणार नाहीं. यानंतर त्या दोन तारा मध्यें तुटल्या नाहींत ना, आणि पेटीची ई ही खुंटी गाडीच्या सांगाड्याशीं खरोखर जोडलेली आहे ना, हें पाहावें. ही जोडणी सुटली कीं दोन्ही वेटोळीं आंधळीं होतात, आणि हौसेनें दिलेला नवा रंगच कित्येकदां आड येतो. रंग खरडून काढल्यावर जिवंत झालेल्या पेट्यांची संख्या थोडी नसावी.

एवढें करूनहि दोष पेटींतच ठरला, तर ती बदलावी. अर्थात् हें सारें डायनामोच्या गाड्यांस लागू आहे. पुढच्या काळांतील आल्टरनेटरच्या गाडीची व्यवस्था निराळी असते व ही पेटी तिला उपयोगी नाहीं. बॅटरी प्रथम सोडवावी. पेटीवर एफ, ए, डी, ई अशीं अक्षरें असतात. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधूनच ती काढावी. तारांच्या रंगांवर भिस्त ठेवूं नये, कारण इतक्या वर्षांत त्या किती हातांनीं बदलल्या असतील याचा नेम नाहीं.

आतां जुन्याच पेटीच्या आकारांत बसणारे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मिळतात. जुन्या वस्तूंच्या अभिमान्यांना ही तडजोड रुचत नाहीं. परंतु ज्याला रात्रीं घाट चढावयाचा आहे त्यानें ती करावी व मूळ पेटी डब्यांत जपून ठेवावी. मात्र एक धोका लक्षांत असावा. बॅटरीचें कोणतें टोंक सांगाड्याला जोडलें आहे, धन कीं ऋण, हें पाहूनच त्या जातीचा रेग्युलेटर घ्यावा. इंग्रजी गाड्यांत १९५० च्या सुमारापर्यंत बहुधा ऋण टोंक जोडीत, पुढें धन टोंकाची रीत पडली. आणि कित्येक धन्यांनीं मागाहून आपल्या मनानें ती फिरविली आहे. येथें चूक झाली तर नवा रेग्युलेटर क्षणांत जळतो.

डायनामोलाहि ही दिशा शिकवावी लागते. त्यासाठीं एफ खुंटीची तार काढून ठेवावी, बॅटरी जोडावी, आणि तिच्या सांगाड्याला न जोडलेल्या टोंकापासून एक तार आणून त्या मोकळ्या खुंटीस क्षणभर टेकवावी. बारीक ठिणगी पडते, तेवढें पुरे. मग तार पूर्ववत् लावून इंजिन सुरू करावें व वेग वाढवीत बॅटरीचा दाब मोजावा. सात ते साडेसात व्होल्टच्या दरम्यान तो स्थिरावला, आणि दिवा लावूनहि अँमीटर धन बाजूस राहिला, म्हणजे काम साधलें. पहिल्या आठवड्यांत बॅटरीच्या तिन्ही कप्प्यांतील पाणी दोनदां पाहावें. तें भराभर उतरत असेल तर दाब अजून जास्त आहे असें समजून पेटी पुन्हां तपासावी.