टाकीत उतरण्याआधी चार प्रश्न

आम्ही उरण भागातल्या बचत गटांच्या बायका. आमच्या कितीतरी घरांतले पुरुष ठेकेदाराकडे तेलाच्या टाक्या साफ करायला जातात.

मागच्या वर्षी आमची एक ताई हप्ता भरायला आली ती रडतच. तिचा नवरा टाकीतला गाळ काढायला उतरला आणि दोन मिनिटांत खाली कोसळला. जोडीदार त्याला उचलायला आत शिरणारच होता, पण तिसऱ्यानं त्याला घट्ट धरून ठेवलं. कमरेला दोर होता, म्हणून बाहेरून ओढता आलं. माणूस वाचला. त्या दिवशी हप्ते राहिले बाजूला, आम्ही हाच विषय घेऊन बसलो.

टाकी रिकामी झाली म्हणजे आतली हवा चांगली झाली, असं नसतं. गाळ ढवळला की गॅस सुटतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं. म्हणून ‘वास गेला, आता उतरू’ हे सगळ्यात घातक.

आपल्याकडे धान्याचं पेव उघडलं की जाणती माणसं लगेच उतरत नसत. कुणी आधी कंदील सोडून बघत. पण तेलाच्या टाकीत ज्योत नेली तर भडकाच उडेल. तिथं गॅसचं मीटरच हवं. साध्या हवेत ऑक्सिजन शंभरात सुमारे २१ भाग असतो. तो १९.५ च्या खाली असेल तर तसं उतरायचं नाही.

आता डबा भरताना आम्ही घरच्यांना चार प्रश्न पाठ करायला लावतो. आज हवा मीटरनं तपासली का? उतरायचं लेखी परमिट आहे का? कमरेला पट्टा-दोर आणि तोंडाशी पूर्ण वेळ लक्ष ठेवणारा माणूस आहे का? आत कुणी पडलाच, तर बाहेर काढायची सोय काय? आणि एक शपथ: पडलेल्याच्या मागे तसंच आत शिरायचं नाही. आधी हाक, मग दोर. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेच पुष्कळ वेळा जातात.

यात नवं काही मागत नाही आम्ही. हवा तपासून लेखी दाखला, नाहीतर श्वासाचं उपकरण आणि बाहेर दोर धरणारा माणूस, हे १९४८ च्या कारखाने कायद्यातच, कलम ३६ मध्ये लिहिलेलं होतं.

‘प्रश्न विचारला तर उद्या कामावर घेणार नाहीत,’ असं पुरुष म्हणतात. भीती खोटी नाही. म्हणून आमच्या गटानं ठरवलंय, अशा कारणानं कुणाचा रोज बुडाला, तर त्या घराला त्याच आठवड्यात अंतर्गत कर्ज द्यायचं, बिनव्याजी. बुडालेला रोज आपण मिळून भरून काढू. माणूस कुठून आणणार?

तुमच्या गटातही हे बोला, मैत्रिणींनो.