बाहुलीमागचे हात

(कोल्हापूर येथे पालक व शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बाहुली म्हणजे पोरखेळ, अशी आपली समजूत असते. वस्तुतः रंगमंचावर बाहुली उभी करणे हे शिल्पकार, सुतार आणि यंत्रकार या तिघांचीही कसोटी पाहणारे काम आहे. ज्ञानेश्वरीत सूत्राने हलणाऱ्या बाहुल्याचा दृष्टान्त येतो. अर्थात सातशे वर्षांपूर्वीच्या श्रोत्यांना हा खेळ परिचित होता.

ती परंपरा पाहायची असेल, तर आपल्याला घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीस जावे लागेल. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला सांभाळल्या. एकेकाळी त्यांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. तो सरला, करमणुकीची नवी साधने आली आणि खेळ ओसरले. श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

या बाहुल्यांची रचना समजून घेण्याजोगी आहे. कळसूत्री बाहुलीचा हात दोरा वर उचलतो. मात्र खाली आणते ते हाताचे स्वतःचे वजन. हात फार हलका झाला तर तो अधांतरी लोंबतो, फार जड झाला तर हालचालीतील डौल जातो. छायाबाहुलीचे चामडे प्रकाश आरपार जाईल इतके पातळ करावे लागते आणि दागिने उमटतात ते नेमक्या जागी पाडलेल्या छिद्रांतून. बाहुली पडद्यापासून दिव्याकडे नेली की सावली मोठी होते, पण अंधुकही होते. हे गणित हातानेच शिकावे लागते.

आधुनिक काळात यशवंत पाध्ये यांनी अर्धवटरावांना घडवून बोलक्या बाहुल्यांचे दालन उघडले. त्यांचे सुपुत्र रामदास पाध्ये यांनी तो वारसा पुढे नेला. ‘झपाटलेला’ (१९९३) चित्रपटातील तात्या विंचू ही त्यांचीच निर्मिती. रंगमंचावरील बाहुलीचे डोळे आणि जबडा शेवटच्या रांगेपर्यंत दिसले पाहिजेत. कॅमेरा मात्र अगदी जवळ येतो. त्याला सांधा, रंगाचा थर, चालवणाऱ्याचा हात, काहीच दिसता कामा नये. एकाच कलेची ही दोन वेगळी शास्त्रे आहेत.

कोल्हापूरकरांना हे परके वाटू नये. बाबूराव पेंटर हे चित्रकार, शिल्पकार आणि यंत्रकारही होते. स्वतः घडविलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी ‘सैरंध्री’ (१९२०) साकारला. कुंभार गल्लीत माती घडविणारे, चपलेसाठी चामडे कमावणारे, उद्यमनगरात यंत्रभाग करणारे हात आजही येथे आहेत. बाहुलीला याहून अधिक काय लागते?

म्हणूनच एक विनंती करतो. शाळेत बाहुल्यांचा खेळ जरूर ठेवा, परंतु कलावंतास योग्य बिदागी द्या आणि खेळ संपल्यावर मुलांना त्याच्या शेजारी बसवा. त्यांना लगदा मळू द्या, दोरा बांधू द्या, चुकू द्या. जुनी बाहुली संग्रहालयात शतकभर टिकेल. पण तिचा हात किती जडावा, हे ज्ञान कोणत्याही कपाटात टिकत नाही. ते एका हातातून दुसऱ्या हातात गेले, तरच उरते.