सहकुटुंब, सहपरिवार: हिवाळ्यातला युरोप



वैशाखाच्या उकाड्यात बर्फाच्या गोष्टी सांगणे कोणास विपरीत वाटेल. परंतु नाताळच्या सुटीत मुलाबाळांसह युरोपात जायचे, तर त्याचा विचार या दिवसांतच करावा लागतो. शेंगेन राष्ट्रांच्या व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. डिसेंबरात निघणाराला जूनमध्ये अर्ज करायचा, म्हणजे कोणती गावे आणि किती मुक्काम हे मे महिन्यातच ठरलेले बरे. तेव्हा आम्ही आज प्रवासवर्णन करणार नाही. ती आपल्याकडे उदंड आहेत. आम्ही बोलणार आहोत ते आखणीविषयी.

पहिली गोष्ट उजेडाची. थंडीचा धसका सगळेच घेतात, उजेडाचा हिशेब कोणी करीत नाही. पुणे साडेअठरा अक्षांशावर, व्हिएन्ना अठ्ठेचाळीसच्या वर, प्राग पन्नासावर. डिसेंबरअखेर आपल्याकडे दिवस अकरा तासांचा असतो. व्हिएन्नात तो सव्वाआठ तासांच्या आसपास. सूर्य पावणेआठाला उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. आपल्याकडे दुपारचा चहा होतो, त्या वेळी तिथे दिवे लागलेले असतात.

आता दुसरी गोष्ट, मुक्कामांची. आम्ही २०२३ च्या डिसेंबरात निघालो. घरात पहिली यादी झाली तेव्हा तीत सात गावे होती: पॅरिस, व्हेनिस, म्युनिक, साल्झबर्ग, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट. हाती दिवस मात्र दहा. दहा दिवसांचा उजेड ढोबळमानाने ऐंशी तास. एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे म्हणजे सामान बांधणे, खोली सोडणे, स्टेशन, गाडी, पुन्हा नवी खोली शोधणे. यात सरासरी पाच तास धरावेत. सात गावांना सहा स्थलांतरे, म्हणजे तीस तास गेले. उरलेल्या पन्नासांत प्रत्येक गावाच्या वाट्याला सातच तास. तीन गावे धरली तर स्थलांतरे दोन, आणि प्रत्येक गावाला तेवीस तास मिळतात. हा हिशेब तिसरीतल्या मुलालाही समजतो, परंतु सुटीच्या उत्साहात मोठ्यांना तो सुचत नाही.

आणि हिशेबाहून मोठी तिसरी गोष्ट, माणसांची. आम्ही घरातली पाच माणसे: आम्ही दोघे, दोन मुले आणि बाहत्तर वर्षांची आई. सात गावांची यादी तिला वाचून दाखवली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, ''मला कशाला नेता? तुमची धावाधाव माझ्यानं व्हायची नाही. तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते.'' तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, आणि म्हणूनच ते टाळता येईना. धाकटी म्हणाली, ''आजी नसेल तर मला पत्ते खेळायला कोण?'' मग यादी पुन्हा लिहावयास बसलो. गावे कमी करावीत की माणूस, असा तो प्रश्न होता. गावे कमी झाली.

प्राग तीन रात्री, व्हिएन्ना पाच, बुडापेस्ट तीन. तिन्ही शहरे १९१८ पर्यंत एकाच साम्राज्यात होती, रेल्वेने जोडलेली आहेत. प्राग ते व्हिएन्ना सुमारे चार तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट तीन तासांच्या आत. विमानाने प्रागला उतरावे आणि बुडापेस्टहून परतावे, म्हणजे आल्या वाटेने मागे फिरावे लागत नाही. सर्वांत जास्त मुक्काम ऑस्ट्रियात, म्हणून व्हिसाचा अर्जही ऑस्ट्रियाकडे; नियमच तसा आहे. प्रत्येकाचा निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत विम्यातील बारीक अक्षरे आधी वाचावीत. पैसे मात्र तीन तऱ्हांचे: प्रागला कोरुना, व्हिएन्नाला युरो, बुडापेस्टला फोरिंट.

सणाचेही भान हवे. २४ डिसेंबरच्या दुपारनंतर दुकाने मिटू लागतात, आणि २५ व २६ हे दोन्ही दिवस तिन्ही देशांत सुटीचे. आपल्याकडे दिवाळीत बाजार फुलतो, तिकडे सणाच्या संध्याकाळी रस्ता सामसूम होतो. तेव्हा दूध, पाव, फळे आदल्या दिवशीच भरून ठेवावीत. चूल असलेली बिऱ्हाडवजा जागा घेतली तर वरणभाताचीही सोय होते. व्हिएन्नात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत; १८७३ पासून तिथल्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी येते.

कपड्यांविषयी एकच सांगतो. एक जाडजूड स्वेटर घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. बाहेर शून्याच्या आसपास थंडी, आणि ट्राममध्ये, संग्रहालयात ऊब. दिवसातून दहादा काढघाल करावी लागते. पैसा वाचवायचा तो कोटावर वाचवावा, बुटांवर नको. प्रागचे जुने रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, ओले झाले की पाय घसरतो. किल्ल्याचा चढ टाळायचा तर बावीस नंबरची ट्राम वर नेते.

चौदाव्या शतकातला चार्ल्स पूल सुमारे पाचशे मीटर लांब. आईने तो पायी ओलांडला, वाटेत चार ठिकाणी थांबून. त्या थांबण्यामुळे कठड्यावरचे पुतळे आम्हांलाही नीट पाहता आले. बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहात, उघड्यावरच्या गरम पाण्यातून वाफा उठताना पाहून ती म्हणाली, ''हे तर आपल्या वज्रेश्वरीसारखंच!'' आम्ही पॅरिस पाहिले नाही. ते तिथेच आहे, पुढे कधीतरी पाहता येईल. आईबरोबरचा हिवाळा मात्र पुढे ढकलता येईल असा भरवसा कोणी द्यावा?

म्हणून श्रोतेहो, यंदा ज्यांच्या मनात असेल त्यांनी नकाशा उघडण्यापूर्वी घरातल्या सर्वांत थोर माणसाला विचारावे, एका दमात किती चालवते? मग सर्वांत लहान मुलाला विचारावे, किती वेळ धीर धरवतो? या दोन उत्तरांत बसतील तेवढीच गावे कागदावर घ्यावीत आणि बाकीची निःशंक मनाने खोडावीत.