खपली न धरणारे लोखंड

लोखंड गंजायला पाणीही लागते आणि हवेतला प्राणवायूही. पाण्यात क्षार असले की गंज आणखी जोर धरतो. हिवरे बाजार या गावाने सिंचनासाठी बोअर घेण्यावर बंदी घातली आणि विहिरी जपल्या. अशा विहिरीत सोडलेल्या जुन्या लोखंडी पाइपवर, पाणी चढते-उतरते तिथे, तांबूस खपल्या धरतात. नखाने उचकटली तरी खपली निघते, खालचे लोखंड उघडे पडते आणि गंज पुन्हा लागतो. खरे दुखणे गंज चढण्यात नाही, तो धरून न राहण्यात आहे.

आयआयटी कानपूरचे धातुशास्त्राचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम (१९६१–२००९) यांनी दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभावर हाच विचार लावून पाहिला. सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड असलेला हा स्तंभ गुप्तकाळातला. सुमारे सोळाशे वर्षे तो ऊनपाऊस झेलतो आहे, तरी गंजून झिजलेला नाही. दिल्लीची कोरडी हवा हे त्याचे कारण पुष्कळदा सांगितले जाई. ते अपुरे आहे, कारण त्याच हवेत साधे लोखंड गंजतेच. बालसुब्रमण्यम यांनी स्तंभावरचा गंजच तपासायला घेतला. लोखंडाइतकेच लक्ष गंजाकडे देणे, हे या संशोधनाचे मोठेपण.

उत्तर निघाले स्फुरदात. शेतकऱ्याला खताच्या गोणीवरून ओळखीचे असलेले हे मूलद्रव्य स्तंभाच्या लोखंडात सुमारे पाव टक्का आहे. आजच्या पोलादात ते याच्या कितीतरी कमी ठेवतात. जुने लोहार भट्टीत चुनखडी घालत नसत, त्यामुळे स्फुरद मळीबरोबर निघून न जाता लोखंडातच राहिले. सुरुवातीला हा स्तंभही इतर लोखंडासारखाच गंजला. मात्र ओल आणि सुकवण यांच्या फेऱ्यांत स्फुरद गंजाखाली, धातूला लागून साठत गेला. तिथे लोह-फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर बसला आणि पाणी व प्राणवायू यांची वाट अडली. स्तंभाला कवटाळण्याची लोकांची जुनी हौस होती. त्या उंचीवर हात घासून हा थर झिजला आणि लोखंड चकचकीत झाले. १९९७ साली स्तंभाभोवती कुंपण घालावे लागले.

मग आजचे पोलाद असे का करत नाहीत? स्फुरद वाढला की पोलाद ठिसूळ होते, विशेषतः थंडीत. ही अडचण खरी आहे, आणि म्हणूनच प्रमाण नेमके साधावे लागते. काँक्रीटमधल्या सळ्या गंजून फुगल्या की स्लॅबला तडे जातात. अशा सळ्यांसाठी स्फुरदयुक्त लोखंड चालेल का, यावरही बालसुब्रमण्यम यांनी विद्यार्थ्यांसह प्रयोग केले.

गंजाच्या अभ्यासाची सुरुवात करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. हिवरे बाजारच्या विद्यार्थ्यांनी एका विहिरीतला पाइप, एक जस्त चढवलेला लोखंडी पत्रा आणि एक नांगराचा फाळ निवडून पावसाळ्याआधी व नंतर त्यांवरच्या गंजाची नोंद वहीत ठेवावी.