मागील वह्या आणि विद्यार्थ्याचे आत्मपरीक्षण

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील व्याख्यान)



शालेय वर्ष संपत आले म्हणजे गावोगावच्या शाळांतून एक दृश्य हटकून दिसते. निकालपत्रके पुरी झालेली असतात आणि वर्षभर कपाटात साचलेले कागद खाली काढले जातात. त्यांत चित्रे असतात, निबंध असतात, शुद्धलेखनाच्या वह्या असतात, प्रकल्प म्हणून पाने-फुले चिकटवलेले पुठ्ठे असतात. त्यांपैकी काही रद्दीत जातात, काहींच्या शेंगदाण्याच्या पुड्या होतात आणि उरलेले चुलीला लागतात. त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलाच्या हाती निकालपत्रक पडते. वडील त्यावरील श्रेणी पाहतात, शेजारच्या मुलाची कोणती आली ते विचारतात आणि विषय तेथेच संपतो. जूनमध्ये त्या मुलाला काय येत होते आणि आता काय येते, हे खुद्द त्याला कोणी विचारलेले नसते. विचारले असते तरी सांगणे कठीण होते. कारण साक्ष देणारे कागद तेव्हा चुलीत गेलेले असतात.

विद्यार्थ्याने स्वतःची प्रगती स्वतः पाहावी, हा विचार कागदोपत्री मान्य झालेला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला व त्यास अनुसरून 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात आकारिक मूल्यमापनाची आठ साधने सांगितली. दैनंदिन निरीक्षणापासून आरंभ करून तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी सात झाल्यावर आठवे साधन 'इतर' म्हणून येते आणि त्या 'इतर'च्या पोटात स्वयंमूल्यमापनाचा उल्लेख सापडतो. पुढे 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्याला अधिक मानाचे स्थान दिले. प्रगतिपत्रकात शिक्षकाच्या मूल्यमापनाबरोबर विद्यार्थ्याचे स्वतःचे व सहाध्यायांचे मूल्यमापनही असावे, असे त्यात म्हटले आहे. धोरण योग्यच आहे. परंतु प्रत्यक्ष वर्गात काय घडते ते पाहणे अगत्याचे आहे.

बहुधा असे घडते की, एके दिवशी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली जातात. 'माझी प्रगती चांगली आहे. मी यापुढे अधिक अभ्यास करीन.' तीस मुले ती तीस वह्यांत उतरवून घेतात. शिक्षकाच्या वर्णनात्मक नोंदी छापील याद्यांतून उतरल्या जातात, तशीच ही मुलांची आत्मपरीक्षणे फळ्यावरून उतरतात. यात शिक्षकाच्या हेतूला दोष देण्याचे कारण नाही. दोन शिक्षक आणि चार वर्ग अशा शाळेत नोंदींचे रकाने भरता भरता दिवस मावळतो. दोष आहे तो निराळ्याच ठिकाणी. मुलाला मागे वळून पाहावयास सांगितले जाते, पण मागे पाहण्याजोगे काही त्याच्या हाती दिलेले नसते. दहा वर्षांच्या मुलाला गतवर्षीची स्वतःची बुद्धी आठवत नाही. आज येणारा भागाकार आपणाला जन्मापासूनच येत होता, असे त्याला वाटत असते. आणि आज न येणारी गोष्ट आपणाला कधीच येणार नाही, असेही त्याला तितक्याच खात्रीने वाटते. ही दुसरी समजूत फार घातक होय. कित्येक मुले तिच्यापायीच शाळेला मुकतात.

या ठिकाणी श्रेणीचा हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. 41 ते 50 टक्क्यांपर्यंत क-2 ही श्रेणी असते. पहिल्या सत्रात 42 टक्के मिळवणारा मुलगा दुसऱ्या सत्रात 49 पर्यंत चढला, तरी त्याच्या निकालपत्रकावर दोन्ही वेळा क-2 हेच अक्षर येते. त्या सात टक्क्यांसाठी त्याने कदाचित वर्गातील कोणाहूनही अधिक कष्ट केलेले असतील. मुलगा ते अक्षर पाहतो आणि आपण जागचे हललो नाही, असे समजतो. त्याच्या वह्या मात्र निराळे सांगत असतात.

महात्मा गांधींच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेची प्रकरणे 1925 पासून 'नवजीवन'मधून येऊ लागली. त्यांत त्यांनी राजकोटच्या हायस्कुलातील आपल्या शिक्षणाविषयी जे लिहिले आहे, ते प्रत्येक शिक्षकाने या दृष्टीने पुन्हा एकदा वाचावे. लग्नामुळे त्यांचे एक वर्ष वाया गेले होते. ते भरून काढण्यासाठी त्यांना एक इयत्ता गाळून चौथ्या इयत्तेत घालण्यात आले. तेथे बहुतेक विषय इंग्रजीतून, आणि भूमिती हा तर विषयच नवा. शिक्षक चांगले शिकवीत, पण विद्यार्थ्याच्या डोक्यात काही शिरेना. पुन्हा खालच्या वर्गात जावे, असे त्यांच्या मनात अनेकदा आले. परंतु तसे केल्यास आपली लाज जाईल आणि आपल्या मेहनतीवर भरवसा ठेवून शिफारस करणाऱ्या शिक्षकांचीही जाईल, या विचाराने ते जागीच राहिले. पुढे मोठ्या प्रयासाने ते युक्लिडच्या तेराव्या प्रमेयापर्यंत पोचले आणि तेथे त्यांना एकाएकी हा विषय किती सोपा आहे याचा उलगडा झाला. केवळ बुद्धीचा सरळ उपयोग करावयाचा, मग त्यात अवघड ते काय, असे त्यांना वाटले व त्यानंतर भूमिती त्यांना सोपी आणि गोडही वाटू लागली.

येथे पाहण्यासारखी गोष्ट ही की, सुमारे चार दशकांनंतर लिहिताना त्यांना नुसते 'भूमिती सुधारली' एवढेच आठवले नाही. तेरावे प्रमेय आठवले. (युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातील तेरावे प्रमेय म्हणजे एका सरळ रेषेवर दुसरी रेषा उभी केली असता होणाऱ्या दोन कोनांची बेरीज दोन काटकोन असते, हे होय. रेषीय जोडीतील कोन म्हणून आजही मुले हेच शिकतात.) खऱ्या आत्मपरीक्षणाला असे ठिकाण असते, पान असते. ज्या मुलाला आपल्या वहीतील ते पान दाखवता येते, त्याला प्रगती हा शब्द कोणी समजावून द्यावा लागत नाही.

त्याच कथेत त्यांनी आपल्या वाईट अक्षराचीही कबुली दिली आहे. सुंदर हस्ताक्षर हे शिक्षणाचे आवश्यक अंग नव्हे, अशी त्यांची समजूत कोठून झाली कोण जाणे, पण विलायतेस जाईपर्यंत ती टिकली. पुढे दक्षिण आफ्रिकेत वकिलांची व तरुणांची मोत्यांसारखी अक्षरे पाहून त्यांना लाज वाटली व पश्चात्ताप झाला. अक्षर सुधारण्याचा प्रयत्न केला, परंतु वेळ टळून गेली होती. यावरून त्यांनी शिक्षकांना एक सूचनाही केली आहे: मुलांना आधी चित्रकला शिकवावी, फुले, पक्षी पाहून जसे मूल ते काढते तसेच अक्षरही पाहून काढू द्यावे. जे वाढले नाही, तेही विद्यार्थ्याने मोकळेपणी पाहावे आणि त्यातून शिक्षकालाच काही शिकवावे, याचा हा सुंदर दाखला होय. फळ्यावरच्या दोन वाक्यांतून शिक्षकाला काही शिकता येत नाही, हे निराळे सांगावयास नको.

गांधीजींना हे सारे प्रौढ वयात उमगले. ते शाळेतच, त्या त्या वर्षी उमगावे यासाठी काय करता येईल? फ्रान्समधील एका खेड्यातील शिक्षकाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. सेलेस्तँ फ्रेने यांना पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला गोळी लागली. 1920 मध्ये ते बार-सुर-लू या गावच्या प्राथमिक शाळेत रुजू झाले, तेव्हा फार वेळ मोठ्याने बोलणे त्यांना झेपत नसे. व्याख्यानावर वर्ग चालवणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी मुलांना बाहेर नेऊन गाव पाहावयास लावले आणि पाहिलेले लिहावयास लावले. 1924 च्या सुमारास त्यांनी वर्गात एक लहानसा हातछापखाना आणला. मुलांनी स्वतः लिहिलेला, स्वतः निवडलेला व सर्वांनी मिळून दुरुस्त केलेला मजकूर मुलेच जुळवीत आणि छापीत. छापलेली पाने एकत्र करून वर्गाचे पुस्तक तयार होई. पुढे त्यांच्या वर्गांत मुले आठवड्याच्या आरंभी आपल्या कामाची योजना स्वतः लिहीत व आठवड्याच्या शेवटी ती ताडून पाहत. छापखान्याचे अप्रूप बाजूस ठेवले तरी मुख्य गोष्ट उरतेच. मुलाचे लिहिणे तेथे टाकाऊ समजले जात नव्हते. ते राहत होते, आणि राहत होते म्हणूनच मुलाला पुन्हा त्याच्याकडे जाता येत होते.

जिल्हा परिषदेच्या शाळेत छापखान्याची गरज नाही. जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाची प्रत्येक मुलामागे एक पिशवी पुरे. तीत काय ठेवावे, याबाबत मात्र चूक होऊ नये. पुष्कळ शाळांत तपासणीच्या वेळी दाखवण्यासाठी उत्तमोत्तम कामे जपली जातात. ती प्रदर्शनासाठी ठीक. मुलाच्या पिशवीत मात्र पहिला, कच्चा, खाडाखोडीचा कागद असलाच पाहिजे. किंबहुना तोच अधिक मोलाचा. त्यावर तारीख हवी आणि ती मुलाच्याच हाताने घातलेली हवी. पावसाळ्यात वाळवीचा उपद्रव होतो, तेव्हा पिशव्या भिंतीला टेकवून न ठेवता दोरीवर टांगाव्यात. मातीचे बैल पोळा-बेंदुरानंतर फुटतात, तेव्हा ते जपणे शक्य नसते. त्यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे किंवा मुलाकडून त्यांचेच चित्र काढून घ्यावे. बैलाचे वशिंड या वर्षी जमले आणि गेल्या वर्षी जमले नव्हते, हे मुलाच्या नजरेतून सुटत नाही.

समजा, पाचवीतील एका मुलीने पावसाची नोंदवही हा प्रकल्प घेतला. सरळ उभ्या बाजूंची, सपाट बुडाची बाटली, पट्टी आणि वही एवढेच साहित्य. जूनच्या पहिल्या पानावर 'आज खूप पाऊस' असे लिहिलेले. आठवड्यानंतर '23 मि.मी.' अशी नोंद. मध्ये चार दिवस कोरे. ऑगस्टमध्ये आकड्यापुढे 'वारा होता, बाटली कलली, म्हणून आकडा खरा नाही' असे एक वाक्य. प्रकल्पाला दहापैकी गुण द्यावयाचे झाले तर कोऱ्या दिवसांबद्दल दोन कापले जातील आणि प्रकरण मिटेल. परंतु ती वही तिच्यापुढे ठेवून जूनचे पान आणि ऑगस्टचे पान यांत तुला काय वेगळे दिसते, एवढेच विचारावे. 'खूप' या शब्दाने काही कळत नाही, हे तिला आपल्याच अक्षरात दिसेल. आकडाही चुकू शकतो, हे तिला ऑगस्टमध्ये कळले होते. पण आपणाला ते कळले आहे, हे तिला आता प्रथमच कळेल. भाषा, गणित व विज्ञान या तिन्ही विषयांची प्रगती त्या एका वाक्यात आहे आणि ती कोणत्याही रकान्यात बसत नाही.

प्रश्न कसा विचारावा, यावर पुष्कळ अवलंबून असते. 'तुझी प्रगती कशी झाली?' असे विचारले की मूल शिक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहते व तेथे दिसेल ते उत्तर देते. 'हे पुन्हा करावयाचे झाले तर काय बदलशील?' असे विचारले की ते कागदाकडे पाहते. त्याने जे सांगितले वा लिहिले त्याला गुण देऊ नयेत, लाल शाईने शुद्धलेखनही तपासू नये. गुण दिले की पुढच्या वेळी मूल शिक्षकाला आवडेल तेच लिहील, आणि पुन्हा फळ्यावरची दोन वाक्ये आली म्हणून समजावे. वर्षातून तीन वेळा, वर्गाला एक तास, एवढ्याने हे काम होते. ज्यांना लिहिता येत नाही अशा पहिली-दुसरीच्या मुलांनी दोन चित्रे शेजारी ठेवून बोलावे व शिक्षकाने ऐकावे. पालकसभेत त्याच पिशव्या मुलांच्या हातूनच पालकांपुढे उघडवाव्यात. निरक्षर आईलाही दोन कागदांतील फरक दिसतो. तिला क-2 या अक्षराचा अर्थ मात्र विचारावा लागतो.

शेवटी ऊसतोड कामगारांच्या मुलांविषयी. ही मुले दिवाळीच्या आगेमागे आईबापांबरोबर गाव सोडतात आणि गळीत हंगाम आटोपल्यावर परत येतात. काही हंगामी वसतिगृहात राहतात, पण सर्वच राहत नाहीत. परतलेल्या मुलाला वर्ग पुढे गेलेला दिसतो. आपण मागे होतो, मागेच राहिलो, असे ते धरून चालते व पुढच्या हंगामात त्याचे नाव हजेरीपटावर राहते, मूल राहत नाही. त्याच्यासाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. त्या कार्डासोबत त्याची पिशवीही द्यावी, आणि तीत एक कोरी वही घालून द्यावी. तळावर त्याने मोळ्या मोजल्या असतील, बैलगाडीचे वजन काट्यावर पाहिले असेल, धाकट्या भावंडाला गोष्ट सांगितली असेल. ते त्या वहीत यावे. ज्या शाळेत ते चार महिने बसेल, तेथील शिक्षकाने पहिल्या दिवशी चाचणी न घेता ती पिशवी उघडून पाहावी. परत आल्यावर मूळ शाळेतील शिक्षकानेही प्रथम तेच करावे: दिवाळीपूर्वीचे पान आणि हंगामातील पान मुलापुढे शेजारी ठेवावे, आणि ते बोलू लागेपर्यंत थांबावे.