बंद दुकानांचा आजार

उल्हासनगरला कॅम्प २ मधल्या गजानन मार्केटात सुट्टीच्या दिवशी गेलात तर शटरे ओढलेली दिसतील. आत कापडाचे तागे जसेच्या तसे आहेत, एकालाही कसर लागलेली नाही. पण गिऱ्हाईकाला मिळणार काय? काही नाही. रक्ताच्या तीव्र कर्करोगात, म्हणजे ॲक्यूट ल्यूकेमियात, पुष्कळदा असेच घडते.

आपल्या बहुतेक सर्व पेशींत जनुकांची तीच पेठ असते. कोणते दुकान उघडे ठेवायचे हे मात्र पेशीपेशीवर अवलंबून. नको असलेल्या जनुकावर मेथिल नावाची इवलीशी रासायनिक खूण बसते आणि ते जनुक गप्प होते. यात गैर काही नाही. शरीर चालते ते यावरच.

आता अस्थिमज्जेतल्या कोवळ्या पेशी घ्या. त्यांच्या विभाजनाला लगाम घालणारे 'पी-१५' नावाचे जनुक आहे. तीव्र मायलॉइड ल्यूकेमियाच्या अनेक रोग्यांत ते शाबूत असते, अक्षरही बदललेले नसते. नुसते शटर खाली! पेशी दुभंगली की या शटरचीही नक्कल पुढच्या पेशीत उतरते. अपक्व पेशींची गर्दी होते. मग ताप, थकवा, हिरड्यांतून रक्त. हे एकच कारण नव्हे, बरं का. जनुकांत खरे बिघाडही असतात, आणि कधी कधी तर बिघाड शटर लावणाऱ्या कामगारातच असतो.

पण मोडलेल्या दुकानापेक्षा बंद दुकानाची आशा अधिक. १९६४ साली प्रागच्या रसायनशास्त्रज्ञांनी ॲझासिटिडिन बनवले, ते पेशी मारणारे औषध म्हणून. १९८० साली अमेरिकेत पीटर जोन्स आणि शर्ली टेलर यांनी दाखवले, की ते मेथिलची नक्कल होऊ देत नाही. कोणती शटरे उघडल्याने रोग्याला गुण येतो, यावर अद्याप एकमत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जबर केमोथेरपी न झेपणाऱ्या रोग्यांना त्याच्या जोडीने व्हेनेटोक्लॅक्स दिले, तेव्हा मध्यम आयुर्मान ९.६ वरून १४.७ महिने झाले. थोडेच, म्हणाल. ज्याच्या घरचे माणूस आहे त्याला विचारा.

ॲझासिटिडिनची सुई साधारणपणे दर २८ दिवसांत सात दिवस घ्यायची असते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जायचे तर सात दिवस लोकलची गर्दी. आणि हे औषध एकटेच दिले तर गुण दिसायला बहुधा चार ते सहा फेऱ्या लागतात. दुसऱ्या फेरीनंतर घरचे म्हणू लागतात, "काही उपयोग नाही, सोडून द्या." तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा, शटर अजून अर्धेच वर गेलेले असेल.